छपाईतील पांढरी रेघ : घरगुती इंकजेट प्रिंटरच्या एका दोषाची मीमांसा

पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे जाऊ लागले म्हणजे पिंपळवंडी लागते. जुन्नर तालुक्यातील कुकडीच्या खोऱ्यातले हे गाव. कांदा, टोमॅटो आणि ऊस ह्या पिकांचा हा मुलूख असल्यामुळे येथे लेखी कागदाचे महत्त्व शहरापेक्षा तिळमात्र कमी नाही. पीककर्जाला सातबारा लागतो, शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो, महाविद्यालयीन प्रवेशाला अर्जाची प्रत लागते. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा २०१८ पासून संगणकावर उपलब्ध झाल्यानंतर तलाठी कार्यालयातील खेपा वाचल्या. मात्र कागद छापण्याचे काम कार्यालयाकडून घराकडे, किंवा फार तर फाट्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे, सरकले. म्हणून शाईच्या टाकीचा लहानसा प्रिंटर आता ग्रामीण घरांतूनही दिसू लागला आहे.

ह्या यंत्राबद्दलची तक्रार बहुधा एकच असते: छापलेल्या मजकुरातून पांढऱ्या रेघा जातात. त्यावरील उपायही बहुधा एकच केला जातो, तो म्हणजे सफाईचे बटण पुनःपुन्हा दाबणे. हा उपाय काही वेळा लागू पडतो, काही वेळा निष्फळ ठरतो आणि काही वेळा मूळ दोषापेक्षा अधिक हानी करतो. रेघ हा एकच दोष नसून निरनिराळ्या दोषांचे ते समान लक्षण आहे, हे लक्षात न घेतल्यामुळे असे घडते. रेघेची दिशा, तिचे अंतर आणि सफाईनंतर तिचे वर्तन ह्या तीन गोष्टी नीट पाहिल्या, तर ती कोठून आली हे यंत्र न उघडताही बहुतेक वेळा सांगता येते.

थेंबाची घडण

इंकजेट प्रिंटर शाईचा ठसा उमटवीत नाही, तो शाईचे थेंब कागदावर फेकतो. द्रवाची बारीक धार पृष्ठताणामुळे आपोआप थेंबांत तुटते, ह्या घटनेची गणिती उपपत्ती लॉर्ड रॅले ह्यांनी १८७८ मध्ये मांडली होती. तिचा लेखनासाठी व्यवहारात उपयोग होण्यास पाऊणशे वर्षे लागली. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट ह्यांनी १९५१ मध्ये शाईच्या धारेने आलेख काढणाऱ्या वैद्यकीय उपकरणाचे पेटंट मिळविले. (शरीरात बसविलेला पहिला हृदयस्पंदक १९५८ मध्ये तयार करणारे एल्मक्विस्ट ते हेच.) पुढे १९७७ च्या सुमारास जपानमधील कॅनन कंपनीत तापलेली डाखणी शाई भरलेल्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, असे सांगितले जाते. उष्णतेने थेंब फेकण्याच्या पद्धतीचा उगम त्यातून झाला. अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीनेही स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली आणि १९८४ मध्ये तीवर चालणारा प्रिंटर बाजारात आणला.

आज घरगुती यंत्रांत थेंब फेकण्याच्या दोन पद्धती आढळतात. पहिलीत शाईच्या सूक्ष्म कोठडीतील तापक क्षणार्धात सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. शाईच्या पातळ थराची वाफ होऊन बुडबुडा उठतो आणि तो समोरची शाई छिद्राबाहेर ढकलतो. दुसरीत विजेचा दाब बदलताच आकार बदलणारा स्फटिकवजा पदार्थ, म्हणजे पिझो, कोठडीची भिंत दाबतो आणि थेंब बाहेर पडतो. दोन्ही पद्धतींत छिद्राचा व्यास २० ते ३० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही लहान असतो. थेंबाचे आकारमान काही पिकोलिटर भरते. ४ पिकोलिटरचा थेंब धरला, तर एका मिलिलिटर शाईत असे २५ कोटी थेंब मावतात. असली शेकडो छिद्रे ज्या पट्टीवर ओळीने बसविलेली असतात तिला व्यवहारात हेड म्हणतात. हेड कागदाच्या रुंदीवर डावीकडून उजवीकडे आणि उलट धावते, आणि प्रत्येक धावेनंतर रूळ कागद पुढे सरकवितात.

पुढील विवेचनाचा पाया ह्या मांडणीत आहे. छिद्रांची रांग कागदाच्या लांबीच्या दिशेने असते आणि हेडची धाव रुंदीच्या दिशेने. त्यामुळे एखादे छिद्र बंद पडले की त्याच्या वाट्याची जागा संपूर्ण धावेत कोरी राहते, आणि कागदावर आडवी, सरळ, पांढरी रेघ उमटते. कागद सरकून पुढची धाव सुरू झाली की तेवढ्याच अंतरावर पुन्हा तीच रेघ येते. समान अंतरावरील आडव्या पांढऱ्या रेघा हे बंद छिद्राचे चिन्ह होय. पानाच्या लांबीवर उभी उतरणारी रेघ बंद छिद्रामुळे पडू शकत नाही. दुकानातील झेरॉक्स यंत्रे आणि लेझर प्रिंटर ह्यांत मात्र उभ्या रेघा पडतात, कारण तेथे प्रतिमा फिरत्या ड्रमवर तयार होते आणि ड्रमवरील ओरखडा कागदाबरोबर लांबीच्या दिशेने उतरत जातो. दुकानात ऐकलेले 'ड्रम गेला' हे निदान घरच्या इंकजेटला लावणे म्हणूनच व्यर्थ आहे. त्याला ड्रमच नसतो.

शिरोरेषेवरील आघात

हा दोष रोमन लिपीपेक्षा देवनागरीला अधिक जाचतो, ह्या गोष्टीकडे परदेशी पुस्तिकांचे लक्ष जाण्याचे कारण नाही. रोमन अक्षरांचा भार बव्हंशी उभ्या दंडांवर असतो. आडव्या रेघेने ते दंड मध्येच कापले, तरी वरचा व खालचा भाग शिल्लक राहतो आणि डोळा तुटलेला तुकडा सहज भरून काढतो. देवनागरीची रचना वेगळी आहे. तिच्यातील सर्वांत महत्त्वाची रेषा, म्हणजे शिरोरेषा, स्वतःच आडवी असते आणि एका ओळीतील सर्व शब्दांच्या शिरोरेषा एकाच उंचीवर येतात. हेडची धावही त्याच दिशेची. बंद छिद्रांची जागा आणि शिरोरेषेची उंची जुळली, की एका अक्षराची नव्हे तर संपूर्ण ओळीची शिरोरेषा नाहीशी होते.

हे कितपत शक्य आहे, ह्याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. बारा पॉइंट आकाराच्या मजकुरात शिरोरेषेची जाडी टंकानुसार कमीअधिक, पण साधारणपणे मिलिमीटरच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असते. छिद्रांमधील अंतर इंचाचा तीनशेवा भाग धरल्यास ते ०.०८५ मिलिमीटर होते. म्हणजे शिरोरेषा पूर्ण पुसण्यास लगतची तीन-चार छिद्रे बंद असावी लागतात, आणि एकच छिद्र बंद असेल तर ती फक्त पातळ होते. परंतु छिद्रे सुकतात तेव्हा ती पुष्कळदा शेजारशेजारचीच सुकतात. शाई वाचविण्यासाठी यंत्र जलद छपाईवर ठेवलेले असेल, तर प्रत्येक जागेवरून हेड एकदाच जाते आणि राहिलेली उणीव भरून काढणारी दुसरी धाव होत नाही.

शिरोरेषा गेली तरी मजकूर वाचता येतो, असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही. मराठीतील घ आणि ध, तसेच म आणि भ, ह्या जोड्यांमधील ओळखीचा मुख्य आधार शिरोरेषा अखंड आहे की तुटक, हाच आहे. ती पुसली की 'घन' आणि 'धन', 'मार' आणि 'भार' ह्यांतील भेद संदर्भावर सोपवावा लागतो. वाक्यात संदर्भ असतो, पण सातबाऱ्याच्या रकान्यात तो नसतो. तेथे असतात व्यक्तींची नावे, आडनावे आणि शेतांची स्थानिक नावे, आणि नावाला व्याकरणाचा आधार मिळत नाही. रेघ थोडी वर सरकली तर अनुस्वार आणि रफार जातात, आणि 'वंदना' हे नाव 'वदना' असे वाचले जाते. रेघ ओळीच्या तळाशी आली तर हेक्टर आणि आर ह्यांमधील टिंब जाते. १.०५ हेक्टर म्हणजे एक हेक्टर पाच आर, पण टिंबावाचून उरतो तो केवळ १०५ हा आकडा. डिजिटल उताऱ्यावर पडताळणीसाठी क्रमांक असतो आणि त्यावरून मूळ नोंद पाहता येते, ही गोष्ट खरी. तथापि त्या क्रमांकातील एखादा अंक त्याच रेघेखाली सापडला, तर ती सोयही उरत नाही.

देवनागरीच्या शिरोरेषेला छपाईचा हा पहिलाच त्रास नव्हे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक खिळ्यावर शिरोरेषेचा स्वतंत्र तुकडा असे, आणि दोन खिळ्यांच्या सांध्यावर ती तुटलेली दिसे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी ह्यांच्यासारख्या मुद्रकांनी सुबक देवनागरी टंकासाठी जे परिश्रम घेतले, त्यांत ह्या सांध्याचा प्रश्न होताच. मराठी टंकलेखन यंत्रातही तीच अडचण राहिली. मात्र त्या तुटी उभ्या आणि अक्षरांच्या मधल्या होत्या, म्हणून वाचनाला त्यांचा उपद्रव थोडा होता. इंकजेटची तूट आडवी असून अक्षराच्या मर्मावरून जाते.

छिद्रे बंद का पडतात

घरगुती प्रिंटरच्या शाईत बहुतांश पाणी असते. त्यात रंगद्रव्य, ग्लिसरीन किंवा ग्लायकोल ह्यांसारखी ओलावा धरून ठेवणारी द्रव्ये, पृष्ठताण कमी करणारे घटक आणि बुरशीनाशक अल्प प्रमाणात मिसळलेले असतात. छिद्राच्या तोंडाशी शाईचा पृष्ठभाग हवेला उघडा असतो. तेथून पाणी उडून जाते आणि शाई घट्ट होत जाते. प्रथम थेंब मंदावतो, मग वाकडा जातो आणि शेवटी बाहेर पडेनासा होतो. चाचणीच्या छापील जाळीत काही रेषा गायब नसून नुसत्याच तिरप्या दिसतात, त्या ह्या मधल्या अवस्थेच्या असतात. ग्लिसरीनमुळे ही क्रिया लांबते, थांबत नाही.

म्हणूनच हेड कामावर नसते तेव्हा यंत्र ते उजव्या किंवा डाव्या टोकाला नेऊन एका ओल्या रबरी टोपीवर बसविते. टोपी घट्ट बसली असेल तर छिद्रे कित्येक आठवडे ओली राहू शकतात. बसली नसेल तर पठारावरच्या कोरड्या हवेत काही दिवस पुरतात. पुणे जिल्ह्याच्या पठारी भागात मार्च-एप्रिलमध्ये दुपारची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाणे ही नित्याची गोष्ट आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत ज्या निष्काळजीपणाचे काही वाटत नाही, तो पिंपळवंडीत उन्हाळ्यात अंगाशी येतो.

टोपी न बसण्याची दोन कारणे आपल्याकडे विशेष आढळतात. एक म्हणजे यंत्र त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद न करता भिंतीवरील बटणाने बंद करणे. रात्री निजताना घरातील सर्व बटणे खाली करण्याची सवय चांगली असली, तरी प्रिंटरच्या बाबतीत ती क्रम चुकविते. आपल्या बटणाने बंद केलेले यंत्र आधी हेड टोपीवर नेते आणि मगच थांबते, पण भिंतीवरचे बटण त्याला तेवढा अवकाश देत नाही. दुसरे कारण म्हणजे छपाई चालू असता वीज जाणे. मे महिन्यात वळवाच्या पावसाबरोबर वारा सुटतो, तारा तुटतात आणि वीज तासन्‌तास येत नाही. हेड त्या वेळी कागदाच्या मध्यावर उघडे राहते. वीज आल्यावर 'आता काही छापायचे नाही' म्हणून यंत्र चालूच केले नाही, तर ते तसेच उघडे पडून राहते. अशा प्रसंगी वीज येताच यंत्र चालू करावे, हेड टोकाला जाऊन बसल्याचा आवाज ऐकावा आणि मग यंत्राच्याच बटणाने ते बंद करावे. ह्या एका मिनिटाच्या कामाने जो दोष टळतो, तो नंतर दोन दिवसांच्या खटपटीनेही निघेलच असे नाही.

तिसरे कारण ऋतूचे नसून वेळापत्रकाचे आहे. शाळेच्या सुट्टीत घरचा प्रिंटर महिना-दीड महिना निपचित पडून असतो. जूनमध्ये प्रवेशाची धांदल सुरू झाली की त्याच्याकडून एका दिवसात वीस पाने मागितली जातात, आणि पहिल्याच पानावर रेघा दिसतात. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले लहानसे चित्र छापल्यास छिद्रांच्या तोंडाशी साचलेली घट्ट शाई बाहेर पडते. त्यात खर्ची पडणारी शाई एका सफाईच्या मानाने अगदी किरकोळ असते.

सर्वच बंद छिद्रे सुकलेली नसतात. पिझो पद्धतीच्या हेडमध्ये कोठडीत हवेचा सूक्ष्म बुडबुडा शिरला, तर शाई पातळ असूनही थेंब पडत नाही. भिंतीने दिलेला दाब द्रवाला बसण्याऐवजी बुडबुडाच दाबला जाण्यात तो खर्च होतो. हा बुडबुडा सफाईने निघतो किंवा निघतही नाही. यंत्र स्वस्थ ठेवल्यास मात्र काही तासांत तो शाईत विरघळून जातो. संध्याकाळी अनेक प्रयत्नांनी न सुधारलेले यंत्र सकाळी आपोआप नीट छापू लागते, ह्या पुष्कळांच्या अनुभवाचे रहस्य बहुधा हेच आहे. उष्णतेच्या पद्धतीत दोषाचा आणखी एक प्रकार संभवतो. तापकावर शाईतील द्रव्ये करपून त्यांचा थर बसतो आणि बुडबुडा दुबळा होतो. ह्या दोषाला असलेले तांत्रिक नाव करपण्याच्या अर्थाच्या जपानी शब्दावरून आले आहे. भाताच्या भांड्याची खरवड ज्यांनी घासली आहे, त्यांना हा दोष सफाईच्या बटणाने का जात नाही हे वेगळे सांगावयास नको.

सफाई आणि तिची किंमत

सफाईचे बटण दाबले म्हणजे टोपीखालचा लहान पंप छिद्रांतून शाई ओढून घेतो आणि रबरी पट्टी हेडचा तळ पुसते. ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक गादीत किंवा वेगळ्या पेटीत जाते. यंत्र ह्या शाईचा हिशेब ठेवीत असते. गादी भरल्याचा हिशेब पुरा झाला की ते छपाई बंद करते, आणि मग गादी बदलणे भाग पडते. सफाई फुकट नाही, ती दोनदा पैसे घेते, एकदा शाईचे आणि पुढे गादीचे.

ह्यास्तव पहिली कृती सफाईची नसून चाचणीची असावी. प्रत्येक यंत्रात छिद्रांची चाचणी छापण्याची सोय असते. तीत चारही रंगांच्या बारीक रेषांची जाळी उमटते, आणि तुटलेली प्रत्येक रेषा एकेका छिद्राची साक्ष देते. जाळी पूर्ण असेल आणि तरीही मजकुरात रेघा असतील, तर दोष छिद्रांत नाही, मग सफाई कितीही केली तरी व्यर्थ. जाळी तुटलेली असेल तर एक सफाई करावी, पुन्हा चाचणी छापावी आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. हे दोन कागद शेजारी ठेवणे फार थोडे लोक करतात, पण साऱ्या परीक्षेचा गाभा त्यातच आहे. पहिल्या कागदावर जेथे रेषा तुटल्या होत्या तेथेच त्या दुसऱ्यावरही तुटलेल्या असतील, तर ती छिद्रे खरोखर सुकली आहेत. जुन्या तुटी भरून नव्या जागी तुटी दिसत असतील, तर शाईबरोबर हवा येत आहे. तिचे मूळ टाकीतील शाई खालच्या खुणेखाली जाणे, नळीत हवा शिरणे किंवा टोपी घट्ट न बसणे ह्यांपैकी एखादे असते. अशा वेळी सफाई वाढविल्याने अधिकच हवा ओढली जाते. सफाईगणिक छपाई बिघडत जाते ती ह्यामुळे.

टोपीची परीक्षा सोपी आहे. तिच्या कडेवर वाळलेल्या शाईचा कठीण कंगोरा, केस किंवा धूळ असेल तर हेडशी तिचा सांधा हवाबंद होत नाही. कांद्याच्या चाळीशेजारी किंवा रस्त्याकडेच्या खिडकीत ठेवलेल्या यंत्रात असा कचरा जमण्यास वेळ लागत नाही. यंत्राची वीज काढून, धागे न सोडणाऱ्या स्वच्छ ओल्या कापडाने ही कड हलक्या हाताने पुसावी. त्यासाठी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेले हे पाणी पुष्कळदा जड असते, आणि त्यातील क्षार वाळल्यावर मागे राहून नव्या अडथळ्याला कारण होतात. वाहनाच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे शुद्ध पाणी ह्या कामास उत्तम. स्पिरिट आणि थिनर ह्यांचा निषेध प्रिंटरच्या पुस्तिकांतून केलेला आढळतो. रबर आणि प्लास्टिक ह्यांना ते मानवत नाहीत.

तुटी एकाच जागी राहत असतील, तर तीन सफायांनंतर थांबणे श्रेयस्कर. टाकीच्या अनेक प्रिंटरांच्या पुस्तिका ह्या टप्प्यावर यंत्र बारा तास किंवा अधिक वेळ न वापरता ठेवण्यास सांगतात. ही सूचना वाचून पुष्कळांना हसू येते. परंतु वर सांगितलेला बुडबुड्याचा विलय, आणि घट्ट शाई मागच्या पातळ शाईत हळूहळू भिजून सैल होणे, ह्या दोन्ही क्रियांना वेळच लागतो. त्यानंतरही गुण न आल्यास काही यंत्रांतील जोराच्या सफाईचा एकदाच अवलंब करावा. तिला शाई पुष्कळ लागते, म्हणून सर्व टाक्या किमान एक-तृतीयांश भरलेल्या असल्याची खात्री आधी करून घ्यावी. टाक्या रिकाम्या असता ही सफाई केल्यास नळ्यांत हवा भरते आणि दुरुस्ती घरच्या आवाक्याबाहेर जाते. ज्या यंत्रांत हेड शाईच्या डबीवरच असते, त्यांत ही सारी चिंता हलकी होते, कारण डबी बदलली की हेडही बदलते.

येथे शाईविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्वस्त शाईच सर्व दोषांचे मूळ, हे विक्रेत्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. मात्र दोन जातींच्या शाया एकाच टाकीत मिसळणे निश्चितच धोक्याचे आहे. काही शायांत रंग पाण्यात विरघळलेला असतो, काहींत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. हे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्या शाईची रासायनिक घडण विशिष्ट ठेवलेली असते. वेगळ्या घडणीची शाई तीत ओतल्यास कण गोळा होऊन गाठी धरू शकतात. अशा गाठींनी चोंदलेल्या छिद्रावर कोणतीही सफाई चालत नाही. बाटलीवरील क्रमांक यंत्राच्या क्रमांकाशी जुळतो की नाही एवढे पाहिले, तरी हा अनर्थ टळतो.

चाचणीची जाळी पूर्ण असताना दिसणाऱ्या रेघांचा विचार थोडक्यात करता येईल. सर्व पानभर समान अंतरावर फिकट किंवा गडद आडवे पट्टे दिसत असतील, तर कागद प्रत्येक धावेनंतर जेवढा सरकावयास हवा तेवढा सरकत नाही. कमी सरकला तर दोन धावा एकमेकींवर चढून गडद पट्टा येतो, जास्त सरकला तर फट राहते. रुळांवरील धूळ पुसणे आणि संगणकात कागदाचा प्रकार योग्य निवडणे हे त्यावरील उपाय आहेत. तक्त्याची उभी रेघ नागमोडी किंवा दुहेरी दिसत असेल, तर हेडच्या जाण्याच्या आणि येण्याच्या धावा जुळत नाहीत, असे समजावे. बहुतेक यंत्रांत त्यासाठी जुळणीची सोय असते. ती करूनही फरक न पडल्यास हेडच्या मार्गावर ताणलेली पारदर्शक पट्टी पाहावी. तिच्यावरील अतिसूक्ष्म खुणा मोजूनच हेडला आपण कोठे आहोत हे कळते, आणि शाईच्या एका डागाने तो हिशेब बिघडतो. पानाच्या वरच्या भागात गडद असणारा रंग खाली फिकट होत जात असेल आणि थोड्या विश्रांतीनंतर पुन्हा गडद होत असेल, तर शाईचा पुरवठा अडलेला आहे. तेथे टाकी, तिचे झाकण आणि नळीवरील वाहतुकीची कळ पाहावी. काळे ठिपके ठरावीक अंतराने पुन्हा येत असतील तर ते रुळाचे. रुळाचा व्यास १२ मिलिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ३८ मिलिमीटर भरते, त्यामुळे पट्टी लावून अपराधी रूळ ओळखता येतो. रेघ केवळ झेरॉक्स काढताना येत असेल आणि संगणकावरून छापताना येत नसेल, तर दोष छपाईच्या भागात नाही. तो वरच्या काचेखालील वाचकात शोधावा.

जुलैत पाऊस स्थिरावला की सुकण्याचा प्रश्न मागे पडतो आणि कागदाचा पुढे येतो. हवेतील ओल शोषून कागद फुगतो, त्याच्या कडा लाटांसारख्या उचलतात, आणि धावणारे हेड त्यांना घासून जाते. त्यामुळे पडणारा डाग फराट्यासारखा आणि पानाच्या कडेला असतो. पांढऱ्या रेघेशी त्याचे काही नाते नाही. उघडे बंडल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे आणि यंत्रात लागतील तेवढीच पाने घालावीत. महत्त्वाचा उतारा छापावयाचा असेल तेव्हा, ऋतू कोणताही असो, छपाईचा दर्जा जलदवरून उत्तमवर न्यावा. त्या रीतीत प्रत्येक जागेवरून हेड अनेकदा जाते, आणि एखादे छिद्र मुके असले तरी त्याच्या वाट्याचे थेंब दुसऱ्या छिद्रातून पडतात.